पुढून बेचाळीस, मागून पंचेचाळीस

मंगळवार, ४ मार्च

झालं! बाईसाहेबांची चाकं वाकडी आहेत आणि ती आमच्याच घरी सरळ होणार आहेत.

बाईसाहेब म्हणजे गॅरेजमधली पिवळी स्पोर्ट्स कार. वय त्रेपन्न. माणसं मावतात दोन, तीही जमिनीवर पाय पसरून बसल्यासारखी. छप्पर आहे, पण ते लावून होईपर्यंत पाऊस थांबलेला असतो. ठमी बारा वर्षांची असताना यांनी ही कुणाच्या तरी परसातून ओढून आणली, तेव्हा हिच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती. मग बाप-लेकीनं सहा वर्षं खपून ती जोडली. त्या सहा वर्षांत मी ग्रीसचे किती डाग काढले ते कुणी विचारत नाही.

आता स्टिअरिंगचे दोन सांधे बदललेत आणि पुढे दोन कोरे टायर चढवलेत. या मापाचे टायर हल्ली कुठे मिळत नाहीत. पाच महिने वाट बघितली. आले त्या दिवशी यांनी ते दिवाणखान्यात मांडले— कापडानं पुसून! लग्नाच्या वाढदिवसाला मला नुसतं ‘अरे हो, आज का?’ मिळालं होतं.

सांधे बदलले की अलाइनमेंट करावी लागते. म्हणजे चाकांची तोंडं कुठे बघतायत ते ठरवावं लागतं. कोपऱ्यावरचा टायरवाला दहा मिनिटांत करून देतो. पण नाही! ‘त्याच्या यंत्राला हिचा स्वभाव कळत नाही.’ चौतीस वर्षांत माझा कळला नाही, गाडीचा मात्र कळतो.

बुधवार, ५ मार्च

आज माझी शिकवणी झाली. पुढची दोन चाकं अगदी समांतर ठेवायची नसतात म्हणे. पुढच्या बाजूनं किंचित जवळ, मागच्या बाजूनं किंचित लांब— पायाचे अंगठे आत वळवून उभं राहावं तशी. फरक किती? तीन मिलिमीटर. गाडीच्या पुस्तकात तसं छापलंय. दोन्ही टायरांवर गोल रेघ मारायची, रेघेपासून रेघेपर्यंत पुढून मोजायचं, मग मागून मोजायचं. ‘इतकं सोपं आहे,’ हे म्हणाले. पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला सगळंच सोपं वाटतं. तिथे पाइप दुसरेच टाकायचे.

टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं. पूर्वी ठमी धरायची. आता ठमी इथे नाही. दोनशे दहा किलोमीटरवर असते, मोजमापाची उपकरणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही. किंवा मी तिच्याशी. नक्की कोण कुणाशी, ते आता मलाही सांगता येणार नाही.

लग्न अकरा दिवसांवर आलेलं असताना तिनं मोडलं. कपडे शिवून, इस्त्री करून तयार. मी म्हटलं, ‘तुझ्यामुळे मला दुकानात तोंड दाखवायला जागा उरली नाही. आता तूही मला तोंड दाखवू नकोस!’ जन्मात माझं एक न ऐकलेल्या मुलीनं नेमकं तेवढं ऐकलं. रविवारी बापाला फोन करते. हे अंगणात जाऊन बोलतात. आत आले की म्हणतात, ‘बरी आहे.’ मी विचारलेलं नसतं.

फोन तिनं करावा. मी आई आहे. (मागची वही चाळली. तिच्यातही हेच लिहिलंय. तिच्या आधीच्या वहीतही.)

शुक्रवार, ७ मार्च

दोन दिवस जमीन सपाट करण्यात गेले. गॅरेजची फरशी म्हणे एका कोपऱ्याला खाली आहे. पारदर्शक नळी घेतली, पाणी भरलं, एक टोक यांच्या हातात, दुसरं माझ्या. ‘वर घे.’ ‘घेतलं.’ ‘इतकं नाही!’ मग एका चाकाखाली दोन टाइल, दुसऱ्याखाली एक. स्वयंपाकघराचं पाणी गेली चार वर्षं दारातून बाहेर वाहतंय, तिथे सपाटीचा विचार कुणाला सुचलेला नाही.

पण एक कबूल करते. पाण्याची पातळी दोन्हीकडे एक झाली तेव्हा बरं वाटलं.

शनिवार, ८ मार्च

आज मोठा दिवस. सकाळी शिवणाचं दुकान काजवालीवर सोपवून आले. (काजवाली म्हणजे माझ्याकडे सतरा वर्षं काजं-बटणं करणारी बाई. माझ्यापेक्षा जास्त बोलते.)

गाडी जॅकवर. यांनी चाक फिरवायचं, मी टायरला खडू लावायचा, मग त्या पांढऱ्या पट्ट्यावर खिळ्यानं बारीक रेघ. खडू लावण्यात माझा हात कुणी धरणार नाही, जन्म त्यातच गेला. रेघ अशी आली की हे चष्मा वर करून बघत राहिले. मग गाडी खाली उतरवली, पुढे ढकलली, मागे ढकलली, बॉनेटवर दाबून दाबून खालीवर केली. तिची बसकण नीट झाली पाहिजे म्हणे.

पुढचं माप यांच्या स्टीलच्या टेपनं झटकन झालं. मागचं होईना. तिथे मध्ये इंजिनाचं खालचं भांडं आणि दोन नळ्या. स्टीलची टेप वाकली की फटकन मुडपते. तीनदा मुडपली, चौथ्यांदा यांच्या बोटाला चावली. मी म्हटलं, ‘सरका! मागचं माप मी घेते, माझ्या टेपनं.’ माझी टेप कुठूनही साप निघावा तशी निघते. तेहतीस वर्षं तिच्यावर सगळ्या गावाच्या कंबरा मोजल्यात, एक कपडा ‘बसत नाही’ म्हणून परत आलेला नाही. हे म्हणाले, ‘बरं बाई, तुझी टेप.’ वाद न घालता! बोट जास्तच दुखत असावं.

मग चाकांना जोडलेले स्टिअरिंगचे रॉड फिरवायचे, म्हणजे चाकं आतबाहेर होतात. यांनी एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. उजवीकडचा नट नेहमीसारखा सुटतो. डावीकडचा उलटा! हे मला आधी कुणी सांगितलं नाही. वीस मिनिटं मी तो सोडवतेय असं समजून आवळत होते.

शेवटी— पुढून एक हजार दोनशे बेचाळीस. मागून एक हजार दोनशे पंचेचाळीस. तीन! यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. ग्रीसच्या हातानं.

रविवार, ९ मार्च

चक्कर. कोपऱ्यावर वळताना चाकांनी असा सूर लावला की टायरवाला हातातलं काम टाकून बाहेर आला. स्टिअरिंगही जड. रस्ता जरा खडबडीत आला की गाडी आधी डावीकडे जाऊ बघते, मग उजवीकडे— बाजारात दोन्हीकडची दुकानं दिसल्यावर माणसाचं होतं तसं. ‘नवे टायर आहेत, रुळतील,’ हे म्हणाले.

दुपारी ठमीचा फोन. अंगण. ‘बरी आहे.’

मंगळवार, ११ मार्च

अजून कुरकुर. चाकांची. माझी वेगळी.

बुधवार, १२ मार्च

सकाळी हे टायरवरून हात फिरवत बसले होते. मला म्हणाले, ‘हात लावून बघ.’ बाहेरच्या कडेला करवतीसारखे दाते आलेत! एका दिशेनं हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर बोचतं. चार दिवसांत! पाच महिने वाट बघून आणलेले टायर. यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणून आज टोमणा मारला नाही. एकच मारला.

मग गाडी घेऊन टायरवाल्याकडे गेले. अर्ध्या तासानं परत आले.

‘काय म्हणाला?’

‘मोजमापात काहीतरी गफलत असेल म्हणाला.’

‘अहो, मग त्यालाच करू द्यायचं होतं ना तिथल्या तिथे!’

‘नको. आपण शोधू.’

चहा पिताना सही राहिलेल्या अर्जाकडे बघावं तसे माझ्याकडे बघत होते. मी विचारलं, काय बघताय? तर म्हणे काही नाही.

शुक्रवार, १४ मार्च

पुन्हा सगळं. खडू, खिळा, ढकलाढकल, टेप. पुढून बेचाळीस, मागून पंचेचाळीस. तीन. पुन्हा गाडी बाहेर काढली— पुन्हा तोच सूर. पुन्हा आत आणली. पुन्हा तीन!

मी म्हटलं, मागचं माप तुम्ही घेऊन बघा एकदा. ‘छे, तुझा हात बसलाय आता,’ म्हणाले. मग म्हटलं टायरवाल्याला घरी बोलवा. तर तेही नको. हा माणूस मठ्ठ आहे. मागे एकदा रागाच्या भरात इथे लिहिलं होतं, आज शांतपणे लिहितेय. एकच काम तीनदा करून तीनदा तेच उत्तर येतंय आणि हा चौथ्यांदा खडू आणायला निघतो. सरकारी खात्यात असल्यानंच धकलं.

रविवार, १६ मार्च

आज यांनी अंगणात न जाता स्वयंपाकघरातच ठमीशी बोलायला सुरुवात केली. मोठ्यानं. मला ऐकू यावं म्हणूनच असणार, पण मी भांडी घासत होते आणि नळ सोडलेला होता.

‘हो गं, पुढून बेचाळीस... मागून? मागचं कसं घेतलं ते मला नाही सांगता यायचं. मागे तुझी आई असते.’ मग माझ्याकडे वळून, ‘अगं, ती विचारतेय मागचं माप नेमकं कसं घेतलंस.’

‘सांगा, नीट घेतलं.’

‘तूच सांग ना.’ आणि चालू फोन माझ्यासमोर धरला!

मला अचानक आठवलं की दुकानातल्या कात्रीला धार लावायचीय. रविवारी. हात पुसून निघाले. पण फोनमधून ‘हॅलो’ ऐकू आलं तेवढं आलंच. आवाज बसलेला होता. मार्चमध्ये तिला सर्दी होतेच. आलं-मिरं कुणी करून देतं की नाही कोण जाणे.

मंगळवार, १८ मार्च

नवं नाटक. येत्या तीस तारखेला हे गाडीनं ठमीकडे जाणार! नेहमीसारखं बसनं नाही. बाईसाहेबांना घेऊन.

‘या चाकांवर?’

‘चाकं आहेत तशी आहेत. काय करणार? हळू जाईन.’

‘मध्ये घाट आहे!’

‘घाट पूर्वीपासून आहे.’ मग पेपर उलटत, अगदी सहज— ‘शेजारची सीट रिकामी आहे. यायचं तर ये.’

मी म्हटलं, मला वेळ नाही, आणि तुम्हीही जायचं नाही. म्हणाले, ‘ठमीनं काय चुकतंय ते सांगितलं तर नीट करून जाईन. नाहीतर तसाच जाईन.’ सदुसष्ट वर्षांचा माणूस. हट्ट सात वर्षांचा.

बुधवार, १९ मार्च

दोनशे दहा किलोमीटर! करवतीच्या दात्यांवर!

गुरुवार, २० मार्च

दुकानात लक्ष लागेना. एका कोटाची बाही उलटी लावली आणि काजवालीनं दाखवेपर्यंत मला कळलंच नाही. तिला सगळं सांगितलं— म्हणजे चाकांचं.

‘मग बाई, करा ना फोन ठमीला.’

‘तू काजं सरळ घाल.’

‘माझी सरळच असतात. तुम्ही तुमचं बघा.’

सतरा वर्षं ठेवून घेतली त्याचं हे फळ. बाही उसवली, परत लावली.

शनिवार, २२ मार्च

इथे तरी खरं लिहावं. मला भीती वाटते.

तीन वर्षं मी ताठ बसलेय ती रागानं नाही. राग पहिल्या दोन महिन्यांतच संपला. लग्न मोडलं तेव्हा दुकानात दोन बायकांनी विचारलं, तिसरीनं विचारलंही नाही, आणि चौथ्या आठवड्यात सगळ्या विसरल्या. मीच विसरले नाही. मग वाटायला लागलं, आता कुठल्या तोंडानं फोन करू? तिनं उचलला नाही तर? उचलून ‘कोण बोलतंय?’ म्हणाली तर? माझा नंबर तिनं पुसून टाकला असला तर? दर रविवारी फोन वाजला की मी दुसऱ्या खोलीत जाते आणि दाराशी उभी राहते. हे यांना माहीत नाही. काजवालीला बहुतेक असावं.

आणि आता हा माणूस आठ दिवसांनी त्या घाटात जाणार. गाडी वळायला नको म्हणाली तर तिथे टायरवाला बाहेर येऊन बघायला नसेल.

मापं कागदावर लिहून ठेवलीत. विचारायचं आहे ते चाकांबद्दल. बाकी काही नाही.

रविवार, २३ मार्च

केला.

सकाळी साडेनऊला, तिनं यांना करायच्या आधी, दुकानातून. रविवारचं दुकान बंद, शटर अर्धं खाली. कागद समोर. तीन वेळा नंबर लावून तीन वेळा तोडला. चौथ्यांदा पहिल्याच घंटीला उचलला. मला तोडायला वेळच मिळाला नाही.

‘आई?’

‘मागून एक हजार दोनशे पंचेचाळीस,’ मी म्हटलं. तीन वर्षांनी लेकीशी बोललेलं पहिलं वाक्य! नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

‘आणि पुढून?’ तिनं विचारलं.

‘बेचाळीस.’

‘कशानं मोजलंस?’

‘टेपनं. कशानं मोजतात?’

‘कुठल्या टेपनं, आई?’

‘पुढून बाबांच्या, मागून माझ्या.’

‘तुझ्या म्हणजे... ती? पिवळी? गळ्यात असते ती?’ आणि हसायला लागली. खोकत खोकत हसत होती. सर्दी आहेच. मी विचारलं, काय झालं हसायला? म्हणाली, ‘आई, ती टेप माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. कापडाच्या टेपा ओढून ओढून लांबतात गं. मी दिवसभर हेच काम करते इथे. तिच्याशेजारी स्टीलची टेप धर आणि बघ.’

दुकानात दीड मीटरचा लाकडी गज आहे, त्याच्या कडेला मापाची लोखंडी पट्टी ठोकलेली. टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी धरलं, फोन खांद्यात दाबून. सुरुवातीला बरोबर जुळलं. सव्वा मीटरपाशी माझी टेप सहा मिलिमीटर पुढे गेलेली! म्हणजे जिथे ती पंचेचाळीस दाखवते, तिथे खरे एक्कावन्न. म्हणजे फरक तीन नाहीच— नऊ! पुढून इतकी आत वळलेली चाकं रस्ता खरवडत पळणार नाहीत तर काय.

मी स्टूल ओढून बसले. ‘अगं, मग तेहतीस वर्षं मी लोकांची मापं...’

‘कपडे बरोबर बसतात ना? बसणारच. अंगावरचं माप त्याच टेपनं घेतेस आणि कापडही त्याच टेपनं कापतेस. दोन्हीकडे सारखीच चूक. चाकांनाही तसंच कर. पुढूनही तुझ्याच टेपनं मोज. दोन्हीकडे एकच टेप असली की झालं.’

चाकांचं संपलं. कागदावर पुढे काही नव्हतं. मग मी म्हटलं, जे आलं ते. म्हटलं, ‘त्या दिवशी मी बोलले ते चुकीचं होतं. मला दुकानात कुणी काही म्हटलं नव्हतं. दोघींनी विचारलं, बस. तू लग्न मोडलंस ते तुझं तुला कळत होतं, मी उगाच माझं रडगाणं तुझ्या गळ्यात घातलं. तीन वर्षं फोन करायला घाबरत होते.’

तिकडून नाक ओढल्याचा आवाज.

‘आणि तो मुलगा मला तरी कुठे आवडला होता! उंची सांगितली त्याहून कमी निघाला. कोटाचं माप घेताना कळलं मला.’

‘आई, त्यात तुझ्या टेपचा हात असेल.’

मग मात्र आम्ही दोघी हसलो. मी रडतही होते, पण शटर अर्धं खाली होतं.

शेवटी म्हणाली, ‘बाबांना त्या टायरांवर पाठवू नकोस. तीस तारखेला मीच येते.’

घरी येऊन यांना सांगितलं. ‘अरेच्चा!’ म्हणाले. ‘टेप! बघ, आपल्या लक्षात कसं आलं नाही!’ आणि घाईघाईनं चष्मा पुसायला लागले.

मंगळवार, २५ मार्च

पुढूनही माझी टेप. नऊचा फरक, अगदी परवा दुकानात निघाला तसा. रॉड दोन्हीकडून सारखे फिरवले— डावा नट उलटा, आता मला कुणी शिकवायला नको. तीन आला. माझ्या टेपचा तीन, पण चालतो.

मग चक्कर. काय सांगू! कोपऱ्यावर वळलो तर चाकांचा आवाजच नाही. टायरवाला बाहेर आला नाही. सरळ रस्त्यावर यांनी स्टिअरिंगवरचे हात क्षणभर काढून दाखवले आणि गाडी सुतासारखी सरळ गेली. मी ओरडले. पण बरं वाटत होतं.

गुरुवार, २७ मार्च

ठमीच्या खोलीत तीन वर्षांत मी कापडाचे सोळा तागे, एक बिघडलेलं मशीन आणि डोकी नसलेले दोन पुतळे भरून ठेवलेत. आज ते बाहेर काढायला सुरुवात केली. हे मदत करतो म्हणाले आणि पुतळा उचलून कुठे ठेवू कुठे ठेवू करत अर्धा तास घरभर फिरले. एकंदरीत बुद्धीचा प्रकाश आहे तेवढाच.

गिऱ्हाईक म्हणाली, आज बाई गुणगुणताय! काजवालीनं वर न बघता ‘हं’ केलं.

शनिवार, २९ मार्च

उद्या ठमी येणार. करवत झालेले टायर पुढे नकोत म्हणून आज टायरवाल्याकडे गेलो. मागची जोडी पुढे, आणि मागे त्यानं कुठून तरी मिळवलेली जुनी. घासलेले टायर भंगाराच्या ढिगावर टाकताना तो हळहळला. हे पलीकडे पंपाशी हवा भरून घेत होते.

टायरवाला मला म्हणाला, ‘काकू, वाया गेले हो. मी साहेबांना बारा तारखेलाच पट्टी लावून दाखवलं होतं— नऊ आहे म्हणून. मागून तुमच्या कापडी टेपनं मोजलं म्हणाले, तेव्हा म्हटलं, ती लांबली असणार. म्हटलं, आत्ता लावून देतो, दहा मिनिटांचं काम. तर म्हणाले, राहू दे तसंच. म्हणाले, गाडी नीट झाली तर आमची ही मुलीला फोन कशाला करेल?’

मी ढिगावरच्या त्या टायरांकडे बघत उभी राहिले. दिवाणखान्यात पुसून मांडले होते ते.

परत येताना यांनी विचारलं, ‘काय सांगत होता गं तो?’

‘काही नाही,’ म्हटलं. ‘हवा बरोबर ठेवा म्हणाला.’